‘गाडी निघालीय, साहेब’: सप्लायरची सेवा आणि आपला हिशोब



सकाळी अकराला सप्लायरला फोन लावा. "गाडी निघालीय, साहेब." दुपारी दोनला लावा. "गाडी कात्रजला आहे, ट्रॅफिक लागलंय." साडेचारला फोन उचलला जात नाही. सात वाजता व्हॉट्सॲपवर मेसेज येतो, "उद्या सकाळी पहिली गाडी तुमचीच." आणि दुसऱ्या दिवशी दुपारी माल येतो तो तीन नगांनी कमी, रंग वेगळा, आणि बिलात मागच्या वेळेपेक्षा चार टक्के जास्त.

हे वाचताना तुमच्या डोळ्यांसमोर एक चेहरा आला असेल. कुणाला रविवार पेठेतला पॅकिंग मटेरियलवाला आठवला असेल, कुणाला भवानी पेठेतला टिंबरवाला, कुणाला भोसरीतला जॉबवर्कवाला, तर कुणाला तो सॉफ्टवेअरवाला, जो एएमसीचे पैसे घेईपर्यंत रोज फोन करायचा आणि नंतर त्याचा नंबरच लागेना.

पुण्यातला दुकानदार गिऱ्हाईकाशी कसा वागतो यावर आपण वर्षानुवर्षं विनोद करतोय. एक ते चार बंद, दारावरच्या पाट्या, "घ्यायचं असेल तर दाखवतो". घरच्या गिऱ्हाईकाच्या त्रासावर इथे नुसते विनोदच झाले नाहीत, चळवळही झाली. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली ग्राहक पंचायत याच पुण्यात सुरू केली. पुढे १९८६ ला देशाचा ग्राहक संरक्षण कायदा आला. पण धंदेवाल्याला त्याच्या सप्लायरकडून मिळणारी वागणूक? त्यावर ना विनोद, ना चळवळ. आपण चहाच्या टपरीवर शिव्या घालतो आणि पुढच्या आठवड्यात त्याच माणसाला पुन्हा फोन करून ऑर्डर देतो.

आज यावरच बोलायचंय. आणि आधीच सांगतो, यात सप्लायरला जेवढं ऐकवणार आहे, तेवढंच तुम्हाला आणि मलाही.

"सर, ग्राहक मंचात खेचू का?"

हा प्रश्न मला दर बॅचमध्ये कोणीतरी विचारतंच. माणूस चिडलेला असतो. मशीन घेतलं, चाललं नाही. पैसे गेले, सर्व्हिस इंजिनिअर येत नाही. टीव्हीवर ‘जागो ग्राहक जागो’ पाहिलेलं असतं. त्याला वाटतं, मी पैसे मोजले म्हणजे मी ग्राहक.

कायद्याला तसं वाटत नाही. आणि हे ज्या खटल्यातून देशभर पक्कं झालं, तो आपल्या महाराष्ट्रातलाच आहे. तो प्रत्येक छोट्या उद्योजकाने एकदा तरी समजून घ्यावा, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स नावाची एक प्रोप्रायटरी फर्म होती. मशीनचे पार्ट बनवायची. महाराष्ट्र शासनाची तरुणांना रोजगार मिळावा म्हणून एक योजना होती, त्यातून उभी राहिलेली. लघुउद्योग म्हणून नोंदणी, राज्य वित्तीय महामंडळाचं कर्ज. म्हणजे अगदी आपल्यातलाच माणूस. या फर्मने १९९० साली कोइमतूरच्या पीएसजी इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूटकडे एका सीएनसी टर्निंग मशीनची ऑर्डर दिली. किंमत २१ लाख रुपये. १९९० चे २१ लाख, हे लक्षात घ्या. फर्मची तक्रार अशी होती की मशीन ठरल्या तारखेपेक्षा सहा महिने उशिरा आलं आणि आलं तेही सदोष. पत्रव्यवहार झाला, उपयोग झाला नाही. शेवटी फर्म महाराष्ट्र राज्य ग्राहक आयोगाकडे गेली.

राज्य आयोगाने फर्मच्या बाजूने निकाल दिला, २ लाख ४८ हजार रुपये द्या म्हणून. सप्लायर राष्ट्रीय आयोगात गेला. तिथे निकाल फिरला. मशीन खराब आहे की चांगलं, उशीर झाला की नाही, यात आयोग शिरलाच नाही. मुद्दा एकच: एवढं मोठं मशीन तुम्ही व्यापारी हेतूने घेतलंत, मग तुम्ही कायद्याच्या व्याख्येतले ‘ग्राहक’च नाही. फर्म सुप्रीम कोर्टात गेली. ४ एप्रिल १९९५ ला सुप्रीम कोर्टाने राष्ट्रीय आयोगाचा निकाल कायम केला.

थोडा वेळ त्या माणसाच्या जागी बसा. मशीनसाठी झगडण्यात वर्षं गेली. राज्य आयोगात जिंकला. आणि पाच वर्षांनी दिल्लीतून उत्तर काय आलं, तर तुम्ही चुकीच्या दाराशी उभे होतात. एक दिलासा कोर्टाने ठेवला. दिवाणी दावा करायचा असेल तर ग्राहक आयोगात गेलेला काळ मुदतीतून वगळून मागता येईल. म्हणजे पुन्हा शून्यापासून सुरुवात.

आता याच निकालात आपल्या कामाचा एक भाग आहे, जो बहुतेक लोक वाचत नाहीत. कोर्टाने उदाहरणं देऊन रेघ कुठे आहे ते सांगितलं. स्वतः चालवायला रिक्षा घेतली, स्वतःच्या पोटापाण्यासाठी, तर तो ग्राहक. लेथ मशीन घेऊन स्वतः त्यावर काम करतोय, तर तोही ग्राहक. मदतीला एक-दोन माणसं ठेवली म्हणून त्याचं ग्राहकपण जात नाही. पण रिक्षा किंवा लेथ घेतलं आणि पूर्णपणे दुसऱ्याच्या हातात चालवायला दिलं, तर तो ग्राहक नाही. ‘स्वयंरोजगारातून उदरनिर्वाह’ हा शब्दप्रयोग आजच्या २०१९ च्या कायद्यातही आहे.

म्हणजे धनकवडीत घरातल्या खोलीत स्वतः शिवणकाम करणाऱ्या ताईंनी इंटरलॉक मशीन घेतलं आणि ते बिघडकं निघालं, तर त्या जिल्हा आयोगात जाऊ शकतात. त्याच ताईंनी पुढे आठ मशिनं टाकली, आठ बायका कामाला ठेवल्या, की दार बहुधा बंद. तुम्ही वाढलात, की तुमचं संरक्षण कमी झालं. मला व्यक्तिशः ही रेघ फार जुनी वाटते. आठ मशिनांच्या शेडमध्ये बसलेली बाई आणि मशीन बनवणारी कंपनी यांच्यात काही बरोबरीचं नातं नसतं. कंपनीकडे वकील पगारावर असतो. ताईंकडे गल्लीतला सीए, तोही जीएसटीच्या तारखेपुरता. मोठ्या आणि छोट्या धंद्यातली ही दरी कायद्याने एका ठिकाणी ओळखली आहे, ती म्हणजे पैसे थकवण्याच्या बाबतीत. त्यावर पुढे येतो. पण खराब माल आणि खराब सेवेच्या बाबतीत छोट्या खरेदीदारासाठी वेगळी, स्वस्त, जलद अशी जागा नाही. ती असायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

काही खिडक्या उघड्या आहेत, त्या सांगून टाकतो. मुंबईच्या लीलावती हॉस्पिटलच्या ट्रस्टने नर्सेसना राहायला फ्लॅट घेतले होते. त्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये सांगितलं की खरेदीचा नफा कमावण्याशी थेट संबंध आहे का, ते बघा. नर्सेसची राहण्याची सोय म्हणजे व्यापारी हेतू नव्हे. आणि एप्रिल २०२३ मध्ये हरसोलिया मोटर्सच्या प्रकरणात, धंद्यासाठी घेतलेली विमा पॉलिसी ही नुकसान भरून निघावं म्हणून असते, नफ्यासाठी नाही, म्हणून तिथे व्यापारीसुद्धा ग्राहक ठरू शकतो, असं सांगितलं. दुकानाच्या आगीचा क्लेम विमा कंपनी अडवत असेल, तर हा निकाल वकिलाला दाखवा.

वीज हा आणखी वेगळा विषय. तिथे सप्लायर बदलायची सोयच नाही. पण वीज कायद्यानेच तक्रार निवारण मंच आणि त्याच्यावर विद्युत लोकपाल दिलेला आहे. भोसरी, चाकणमधले लोक लाइट गेली की वायरमनला फोन करतात आणि तिथेच थांबतात. लेखी तक्रार, तक्रार क्रमांक, मग मंच, असा रस्ता आहे. तो वापरा.

आता माझी गोष्ट

ट्रेनिंगमध्ये यायच्या आधी धायरीत माझं मसाला पॅकिंगचं छोटं युनिट होतं. गोडा मसाला, भाजणी, मेतकूट. पाउच एका प्रिंटरकडून घ्यायचो. नाव घेणार नाही, माणूस वाईट नव्हता. एका दिवाळीला मी त्याला २० हजार पाउचची ऑर्डर दिली. कशी दिली? गाडी चालवता चालवता, सिंहगड रोडच्या सिग्नलला, फोनवर. "शेठ, नेहमीचंच पाठवा, जरा लवकर बघा." एवढीच माझी पर्चेस ऑर्डर. निम्मे पैसे ॲडव्हान्स दिले.

‘लवकर’ म्हणजे कधी ते मी बोललो नाही. त्याने ते त्याच्या सोयीने ठरवलं. माल नऊ दिवस उशिरा आला. ‘नेहमीचंच’ म्हणजे किती मायक्रॉन, तेही कुठे लिहिलेलं नव्हतं. आलेला पाउच हाताला पातळ लागत होता. माझ्या पॅकिंगवाल्या मावशी पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "दादा, ह्याचं सील नीट बसत नाहीये." मी काय म्हणालो? "दिवाळी तोंडावर आहे मावशी, आता कुठे परत पाठवू, वापरा."

अकरा हजार पाउच वापरले. नोव्हेंबरच्या शेवटी कोथरूडच्या एका दुकानदाराचा फोन आला. पाकिटं फुटताहेत, शेल्फवर मसाला सांडतोय, सगळा माल घेऊन जा. तो दुकानदार माझा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक होता आणि नंतर परत कधीच आला नाही. मी तणतणत प्रिंटरकडे गेलो. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, माल येऊन दीड महिना झाला. अकरा हजार वापरलेत. तेव्हा का नाही बोललात?" आणि मग त्याने कपाटातून माझं खातं काढलं. मागची दोन बिलं, साठ दिवसांच्या वर थकलेली.

मी काय बोलणार?

त्या वेळी मला वाटलं, माणूस चालू आहे. नंतर कायदा वाचला तेव्हा कळलं, तो कायदाच बोलत होता. १९३० चा मालविक्री कायदा आहे, सेल ऑफ गुड्स ॲक्ट. त्याचं कलम ४२ साध्या भाषेत असं सांगतं: माल ताब्यात ठेवून वाजवी वेळात नाकारला नाही, किंवा माल आपलाच असल्यासारखा वापरायला लागलात, तर तुम्ही तो स्वीकारला असं धरलं जातं. अकरा हजार पाउच वापरणं म्हणजे स्वीकारणंच. मग फार तर नुकसानभरपाई किंवा बिलातून वजावट मागता येते, माल परत घ्या म्हणता येत नाही.

आणि कलम ४३ मला आधी माहीत असतं तर बरं झालं असतं. माल नाकारायचा असेल तर तो टेम्पोत भरून परत पाठवण्याची जबाबदारी, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, तुमची नाही. ‘आम्ही हा माल नाकारत आहोत’ एवढं कळवलं की पुरे. आपले किती लोक भाड्याचा टेम्पो कोण देणार या वादापायी खराब माल ठेवून घेतात, ते बघा.

तिसरं, कलम १६. माल कशासाठी हवाय हे तुम्ही विकणाऱ्याला सांगितलंत, त्याच्या अनुभवावर विसंबून घेतलात आणि तो त्याचा नेहमीचा धंदा असेल, तर त्या कामाला माल योग्य असणं ही अटच मानली जाते. म्हणून ऑर्डरमध्ये नुसतं ‘पाउच २०,०००’ लिहू नका. ‘तेलकट गोडा मसाला, २०० ग्रॅम, सहा महिने टिकायला हवा’ असं लिहा. ब्रँडचं नाव किंवा मॉडेल नंबर सांगून वस्तू मागितलीत, तर मात्र हे संरक्षण मिळेलच असं नाही. कारण निवड तुमची होती.

पंधरा दिवसांचा आकडा

आता ते पैसे थकवण्याचं. इथे बरेच लोक दोन्हीकडून मार खातात.

आपल्याकडे सप्लायरला शिक्षा द्यायची एकच रीत आहे. माल खराब आला, तर तोंडाने काही बोलायचं नाही, गुपचूप पेमेंट अडकवायचं. तो फोन करतो, आपण उचलत नाही. आपण ‘गाडी निघालीय’ला ‘चेक निघालाय’ने उत्तर देतो. दोघंही खूश नाहीत आणि कागदावर कुणाचीच तक्रार नाही.

पण तो सप्लायर उद्यमवर नोंदलेला सूक्ष्म किंवा लघु उत्पादक वा सेवा देणारा असेल, तर २००६ चा एमएसएमईडी कायदा त्याच्या बाजूने उभा आहे. लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, करार नसेल तर १५ दिवसांत. नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. तो फॅसिलिटेशन कौन्सिलकडे गेला, निकाल त्याच्या बाजूने लागला आणि तुम्हाला त्याला आव्हान द्यायचं असेल, तर आधी ७५ टक्के रक्कम भरा, मग बोला. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून सुरू झालेल्या करनिर्धारण वर्षापासून ४३बी(एच) लागू झालं. मुदतीत पैसे दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष द्याल त्या वर्षी मिळतो. सीएने गेल्या मार्चमध्ये तुमच्यामागे क्रेडिटर्सच्या यादीसाठी तगादा लावला असेल, तो यासाठीच.

मग खराब माल देणाऱ्यालाही ४५ दिवसांत मुकाट्याने पैसे द्यायचे का? नाही. याच कायद्याच्या व्याख्येत तुमच्यासाठी एक वाक्य आहे. माल मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत तुम्ही लेखी हरकत घेतली, तर मुदत माल आल्याच्या दिवसापासून नाही, तर सप्लायर ती हरकत दूर करेल त्या दिवसापासून मोजली जाते. लेखी हरकत नसेल, तर माल ज्या दिवशी आला त्या दिवशी स्वीकारला असं धरतात. पंधरा दिवस. लेखी. फोनवर केलेली आरडाओरड त्यात धरली जात नाही.

म्हणून मी माझ्या बॅचमध्ये एकच गोष्ट घोकून घेतो: माल उतरला की त्याच दिवशी उघडा, मोजा, मापा, फोटो काढा. हमालाला घाई असते, ड्रायव्हरला घाई असते, तुम्हाला घाई नको. चलनावर सही करताना ‘मोजून घेतला’ किंवा ‘माल तपासणीच्या अधीन’ असं लिहा. काही चुकलं असेल तर त्याच आठवड्यात ईमेल. चार ओळी पुरतात. बिल नंबर, तारीख, काय ठरलं होतं, काय आलं, काय हवंय, कधीपर्यंत. शिव्या नकोत, उपरोध तर अजिबात नको. आपल्या पुणेकरांना तिथे आवर घालणं जड जातं, पण घाला. व्हॉट्सॲप चालतं, फक्त व्हॉइस नोट नको. टाइप करा आणि बॅकअप ठेवा.

वादातली रक्कम ३ लाखांच्या वर असेल तर प्रकरण कमर्शियल कोर्टात जातं. तिथे, तातडीचा मनाई हुकूम वगैरे हवा नसेल, तर दाव्याआधी मध्यस्थीला जाणं सक्तीचं आहे. सुप्रीम कोर्टाने पाटील ऑटोमेशन विरुद्ध राखेजा इंजिनिअर्स या प्रकरणात ऑगस्ट २०२२ मध्ये हे पक्कं केलं. ही मध्यस्थी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत होते. लोक याला अडथळा समजतात. मला ती आपल्यासारख्यांसाठी सगळ्यात कामाची पायरी वाटते. समोरच्याला एका टेबलाशी बसावं लागतं, आणि पुष्कळदा त्याला हवं असतं ते एवढंच, की कोणीतरी तिसऱ्याने ‘दोघं थोडं थोडं मागे या’ म्हणावं. पण तिथेही विचारणार, कागद कुठे आहेत?

सिलिंडर कुणाचे?

लोक मला म्हणतात, "सर, सप्लायर बदलायचाच आहे, पण बदलता येत नाही." का? तर पाउच छापायचे सिलिंडर त्याच्याकडे. प्लॅस्टिकचा साचा मोल्डिंगवाल्याकडे. बॉक्सची डाय त्याच्याकडे. अकाउंटिंगचा डेटा त्या सॉफ्टवेअरवाल्याकडे, वेबसाइटचं डोमेन ज्याने वेबसाइट बनवली त्याच्या नावावर. पैसे सगळ्याचे तुम्ही दिलेत, पण वस्तू त्याच्या शेडमध्ये. मग तो उशीर करणार, भाव वाढवणार, फोन उचलणार नाही. त्याला माहितीये की तुम्ही कुठे जात नाही.

माझे सिलिंडरही असेच अडकले होते. चार रंगांचे चार. त्या दिवाळीनंतर मी सोडून जायचं म्हटलं, तर तो म्हणाला, "आधी जुनी बिलं क्लिअर करा." बरोबरच होतं त्याचं. पण पैसे भरल्यावरही सिलिंडर हातात यायला अडीच महिने लागले, आणि त्यातला एक खरचटलेला होता. कारण सिलिंडर माझे आहेत असं लिहिलेला एक कागदसुद्धा माझ्याकडे नव्हता. बिलात ‘डेव्हलपमेंट चार्जेस’ एवढंच लिहिलेलं.

तुमच्या बिलात काय लिहिलंय ते आज बघा. साचा, डाय, सिलिंडरचे पैसे देताना बिलावर वस्तूचं नाव, नग आणि ‘मालकी खरेदीदाराची, मागणी केल्यावर परत’ ही ओळ टाकून घ्या. डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर करून घ्या. डेटा महिन्यातून एकदा स्वतःच्या पेनड्राइव्हवर उतरवा. नवा सप्लायर शोधण्याआधी हे करा, नंतर नाही.

जीएसटीचंही एक सांगायला हवं. सप्लायरने त्याचं जीएसटीआर-१ वेळेवर भरलं नाही, तर ते बिल १४ तारखेला तयार होणाऱ्या तुमच्या टू-बीमध्ये दिसत नाही, आणि त्या महिन्यात तुम्हाला क्रेडिट मिळत नाही. तुम्ही त्याला कर दिलात, त्याने तो वेळेवर दाखवला नाही, आणि खिशातून पुन्हा तुम्ही भरताय. हीसुद्धा खराब सेवाच आहे, फक्त ती पोत्यात किंवा खोक्यात दिसत नाही म्हणून आपण मोजत नाही. दोन सप्लायरचे भाव तपासताना हे धरा. दोन रुपये स्वस्त देणारा रिटर्न बुडवत असेल, तर तो महाग आहे.

दोन ठेवा, पण दोघांनाही नीट ठेवा

आमच्या क्षेत्रात सगळेच सल्ला देतात की प्रत्येक मालाला दोन सप्लायर ठेवा. बरोबर आहे, मीही देतो. पण मी पाहिलंय, लोक दुसरा सप्लायर फक्त पहिल्याला धमकावायला ठेवतात. त्याच्याकडून कोटेशन मागवायचं, ते पहिल्याला दाखवायचं, भाव पाडायचा आणि ऑर्डर पुन्हा पहिल्यालाच. तीनदा असं केलंत की दुसरा तुमचा फोनच उचलत नाही. मग ज्या दिवशी पहिल्याची गाडी खरोखर येत नाही, त्या दिवशी तुम्ही एकटे.

जपानचं एक उदाहरण सांगतो, पुणे गाड्यांचं गाव आहे म्हणून पटेल. १ फेब्रुवारी १९९७ ला आयसिन या कंपनीच्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या गाड्यांना लागणारा ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व्ह जवळपास सगळा तिथूनच यायचा. टोयोटाचे जपानमधले कारखाने थांबले. एकाच सप्लायरवर सगळा भार टाकायची चूक, असं कोणीही म्हणेल आणि ते खरंच आहे. पण पुढे काय झालं, तर इतर कितीतरी सप्लायर, अगदी शिलाई मशीन बनवणारी ब्रदर कंपनीसुद्धा, तो व्हॉल्व्ह बनवायला लागले आणि काही दिवसांतच उत्पादन परत सुरू झालं. तुमच्याकडे आग लागली तर तुमचे किती सप्लायर रात्री काम करतील? साठ दिवस बिल थकवलेला तरी करणार नाही.

मी सप्लायरांशीही बोलतो, तेही माझ्या बॅचला येतात. त्यांच्या डायरीत गिऱ्हाईकांचा क्रम ठरलेला असतो. पहिला मान वेळेवर पैसे देणाऱ्याचा. मग मोठ्या ऑर्डरचा. मग जो महिनाभर आधी सांगतो त्याचा. गाडी चालवता चालवता सिग्नलला फोन करून ‘नेहमीचंच पाठवा’ म्हणणारा, तोही उधारीवाला, हा सगळ्यात शेवटी. एकच गाडी असते, आणि ती त्या क्रमाने निघते. तुम्हाला जेव्हा ‘गाडी निघालीय’ म्हणून सांगतात, तेव्हा ती बऱ्याचदा खरंच निघालेली असते, दुसऱ्याकडे.

म्हणून ज्याच्याकडून तुमचा सगळ्यात जास्त माल येतो, त्याच्या दुकानात किंवा शेडमध्ये एकदा भरदिवसा जाऊन बसा. फोनवर नाही, प्रत्यक्ष. चहा घ्या. विचारा, "शेठ, आमच्याकडून काय अडचण येते तुम्हाला?" उत्तर ऐकायला जड जाईल. मग तुमची यादी काढा, तारखांसह: किती वेळा उशीर, किती रिजेक्शन. आणि तिथेच एक पानी ऑर्डर फॉर्म ठरवा. वर्णन, नग, कशासाठी हवाय, पोचायची तारीख, उशीर झाल्यास दर आठवड्याला किती टक्के कापायचे, पैसे किती दिवसांत. उशिराची टक्केवारी वाजवी ठेवा, कारण करार कायद्याप्रमाणे कोर्टसुद्धा वाजवी तेवढीच देतं. त्यात तुमच्या पेमेंटची तारीखही असू दे. ती पाळली नाहीत तर त्याला बोलायचा हक्क असू दे. लाखांची ऑर्डर असेल तर फॉर्म एकदा वकिलाला दाखवून घ्या.

काही जण फॉर्म बघूनच म्हणतील, "साहेब, इतकी वर्षं आपलं तोंडी चालतंय, आता विश्वास नाही का?" हे वाक्य मी पण ऐकलंय. त्या दिवाळीनंतर नवीन प्रिंटरकडे फॉर्म नेला तेव्हा त्याने तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाला, "उशीर झाला तर कापणार हे ठीक. मग वेळेच्या आधी दिला तर काय देणार?" मी असा विचारच केला नव्हता. आम्ही तिथेच ठरवलं, तारखेच्या आत माल आला तर पेमेंट सात दिवसांत. पहिली लॉट चार दिवस आधी आली. पाउच मायक्रोमीटरने मोजले, बरोबर होते. सहाव्या दिवशी चेक घेऊन मी स्वतः गेलो.